परमुलखातले यश आणि दहा दिवसांची मुदत

वाचक लिहितात :

ताईंना सविनय नमस्कार. मी वीस वर्षांची असून मूळची इचलकरंजीची आहे आणि सध्या कझाकस्तानातील अल्माटी येथे वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून गाणे शिकले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण झाले. पुढे बारावी आणि ‘नीट’च्या अभ्यासात गाणे मागे पडले. गेल्या हिवाळ्यात वसतिगृहातील मैत्रिणींच्या आग्रहामुळे येथील दूरचित्रवाणीवरील एका गायन स्पर्धेसाठी नाव दिले. माझ्या कझाक मैत्रिणीने एक लोकगीत शिकवले. आमच्या भाषेत नसलेले स्वर ओठ गोल करून कसे काढायचे, हे ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर आरसा धरून दाखवत असे. पहिल्याच फेरीत बाहेर पडेन असे वाटले होते, पण अंतिम फेरीपर्यंत गेले आणि दुसरी आले. उपांत्य फेरीत माझ्या गाण्याच्या सरांनी चाल लावलेला एक अभंग गायले. आता रस्त्यात लोक ओळखतात आणि हसून म्हणतात, “आमचा दिमाश चीनला गेला होता, तू आमच्याकडे आलीस.”

एका कंपनीने तीन वर्षांचा करार पुढे केला आहे आणि सहीसाठी दहा दिवस दिले आहेत. कराराचा गोषवारा सोबत पाठवत आहे. त्यासाठी शिक्षण थांबवावे लागेल. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि माझ्या शिक्षणासाठी घर गहाण ठेवून कर्ज काढले आहे. आईचे म्हणणे आहे की, झाले तेवढे पुरे. सर फोनवर जेमतेम दोन वाक्ये बोलले, त्यांना दूरचित्रवाणीवरची स्पर्धा रुचली नसावी. आणि माझी खरी अडचण अशी आहे की मी खरोखर चांगली गायले, की परदेशी मुलीने त्यांची भाषा म्हटली याचेच त्यांना कौतुक वाटले, हे मला समजत नाही. कृपया मला अहो-जाहो करू नये.

— एक गायिका, अल्माटी

चि. गायिकेस अनेक आशीर्वाद.

तुझी विनंती मान्य करून ‘तू’ असेच लिहिते. दहा दिवसांची मुदत आहे म्हणून माझे मत आधीच सांगते. हा करार आत्ता आहे त्या स्वरूपात सही करण्याजोगा नाही आणि त्यासाठी वैद्यकीय शिक्षण सोडू नये. मात्र ‘झाले तेवढे पुरे’ हे तुझ्या आईचे म्हणणेही मला पटत नाही. त्यांची काळजी मला कळते, पण तुला मिळालेले यश घरी परतताना गुंडाळून ठेवावे असे नाही. ते खरे आहे, आणि ते का खरे आहे हे आधी पाहू, कारण तुझ्या मनातली ती शंका मिटल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय तू नीट घेऊ शकणार नाहीस.

परदेशी मुलीने कझाक गाणे म्हटले याचे कौतुक श्रोत्यांना वाटले असणारच, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण असे कौतुक एका फेरीपुरते असते. दुसऱ्या फेरीत तू तीच मुलगी असतेस, नवलाई सरलेली असते आणि उरतो तो फक्त गळा. शिवाय तू ज्यांच्यासमोर गायलीस ते श्रोते गाण्याच्या बाबतीत भोळे नाहीत. त्यांच्याकडे ‘आयतिस’ नावाची फार जुनी परंपरा आहे. दोन कवी-गायक दोंब्रा हे दोन तारांचे वाद्य घेऊन समोरासमोर बसतात, जागच्या जागी पदे रचून एकमेकांना उत्तरे देतात आणि कोण सरस ठरले याचा कौल बहुधा जमलेली मंडळीच देतात. आपल्या शाहिरांच्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांशी तिचे जवळचे नाते वाटावे अशी ती परंपरा आहे. 2015 मध्ये कझाकस्तान आणि किर्गिझस्तान या दोन्ही देशांच्या वतीने युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिची नोंद झाली. ज्या समाजात गाण्याची चढाओढ ही घरचीच गोष्ट आहे, तो समाज केवळ पाहुणी म्हणून कोणाला अंतिम फेरीपर्यंत नेत नाही. आणि अभंगाच्या वेळी तर तू त्यांची भाषा गातही नव्हतीस. त्या दिवशी त्यांना शब्द कळले नाहीत, सूर कळला, आणि तरीही त्यांनी तुला पुढे पाठवले. तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या फेरीतच मिळाले आहे.

लोक तुझी तुलना कझाक गायक दिमाश कुदायबेर्गेनशी करतात, तर त्याची हकीगत पुरती लक्षात घे, कारण तिचा जो भाग तुझ्या कामाचा आहे तो गमतीच्या बोलण्यात येत नाही. त्याचा जन्म 1994 चा, अक्तोबे शहरातला. आई-वडील दोघेही संगीतातले. शिक्षण संगीताचेच, आणि तेही अस्ताना येथील राष्ट्रीय कला विद्यापीठापर्यंत रीतसर झालेले. 2015 मध्ये बेलारूसमधील वितेब्स्क येथे होणाऱ्या ‘स्लाव्यान्स्की बझार’ महोत्सवाची स्पर्धा त्याने जिंकली. त्यानंतर 2017 च्या जानेवारीत तो चीनमधील हुनान दूरचित्रवाणीच्या ‘सिंगर’ या कार्यक्रमात उभा राहिला. तेथील स्पर्धक हौशी नव्हते. नाव कमावलेले व्यावसायिक गायक होते आणि दर आठवड्याला सभागृहातील 500 श्रोते मतदान करीत असत. चिनी प्रेक्षकांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. पहिल्याच भागात तो एक फ्रेंच गाणे गायला आणि पहिला आला. त्याचे यश अनपेक्षित वाटले ते पाहणाऱ्यांना. त्याच्या गळ्यामागे कितीतरी वर्षांची तालीम होती.

त्या स्पर्धेत तो शेवटी जिंकला नाही, हेही ध्यानात ठेव. हाँगकाँगच्या सँडी लॅम पहिल्या आल्या आणि तो तुझ्यासारखाच दुसरा आला. मधल्या आठवड्यांत त्याने चिनी भाषेतले गाणे म्हटले आणि आपल्या मातीतले कझाक लोकगीतही तेवढ्याच निष्ठेने म्हटले. दोन वर्षांनी, 2019 मध्ये, अमेरिकेतील ‘द वर्ल्ड्स बेस्ट’ या स्पर्धेत तो पुन्हा उतरला आणि त्याने मध्येच माघार घेतली. ती स्पर्धा आणि दहा लाख डॉलरचे पारितोषिक चेन्नईच्या तेरा वर्षांच्या लिडियन नादस्वरम या पियानोवादकाने मिळवले. तोवर दिमाशला आणखी एका स्पर्धेच्या निकालाची गरज उरलेली नव्हती. फिलिपिन्सच्या गायिका के. झेड. तंदिंगन यांचेही उदाहरण पाहण्यासारखे आहे. 2018 च्या ‘सिंगर’मध्ये त्या मध्येच दाखल झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात, पुढे विजेत्या ठरलेल्या ब्रिटिश गायिका जेसी जे यांच्यापेक्षा वरचढ ठरल्या. नंतर काही आठवड्यांत त्या बाहेर पडल्या, परंतु बाहेर पडून त्या कोठे हरवल्या नाहीत, कारण 2012 पासून मायदेशी त्यांचे स्वतःचे श्रोते आणि स्वतःचे काम होते.

या दोघांकडे स्पर्धेच्या आधी जे होते, ते तुझ्याकडे अजून पुरेसे नाही. हे मी तुला नाउमेद करण्यासाठी लिहीत नाही. स्पर्धेने तुझी परीक्षा कशात घेतली, ते आठवून पाहा. अशा कार्यक्रमांत एका गाण्याला दीड-दोन मिनिटे मिळतात. तुझा अभंगही त्यांनी कापूनच घेतला असेल. एखादे कडवे, लगेच वरच्या पट्टीत चढ, मागे वाद्यवृंदाचा जोर आणि शेवटी लांब ताण. दीड मिनिटात श्रोत्याला धरून ठेवणे हे कौशल्यच आहे आणि ते तुला साधले आहे. पण तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर दोन तास गाणे ही वेगळी गोष्ट आहे. तेथे पंधरा-वीस गाणी लागतात, त्यांचा क्रम लावता यावा लागतो, मध्यंतरानंतर आवाज तसाच टिकावा लागतो, आणि सर्दी झाली तरी कार्यक्रम पार पाडावा लागतो. मध्यमा पूर्ण झाल्यावर तुझा रियाज सुटला, असे तू स्वतःच लिहितेस. आज जर कंपनीने महिन्याला आठ-दहा सुपाऱ्या घेतल्या, तर तीच तीन-चार गाणी तू गावोगाव म्हणत राहशील, तयारीला वेळ मिळणार नाही, आणि वर्षभरात गळाही थकेल आणि लोकही. तुझ्या सरांना हीच भीती वाटत असावी. मलाही वाटते.

आता कराराविषयी. तू पाठवलेला गोषवारा मी तीनदा वाचला. त्यातील चार गोष्टी मला खटकल्या. पहिली म्हणजे, तीन वर्षे तू अन्य कोणासाठीही, कोणत्याही देशात गाऊ शकणार नाहीस. याचा अर्थ सुट्टीत इचलकरंजीला आल्यावर गणेशोत्सवात गायचे म्हटले तरी कंपनीची परवानगी लागेल. दुसरी, मुदत संपल्यावर करार वाढवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार फक्त कंपनीला आहे. अशा कलमामुळे तीनाची सहा वर्षे होऊ शकतात. तिसरी, कपडे, प्रवास, ध्वनिमुद्रण आणि जाहिरात यांचा खर्च आधी तुझ्या मानधनातून वळता होईल आणि उरलेल्या रकमेची वाटणी होईल. पण या खर्चाला मर्यादा लिहिलेली नाही आणि हिशेब तपासण्याचा हक्कही तुला दिलेला नाही. अशा करारात वर्षभर गाऊनही गायकाच्या नावावर देणेच निघू शकते. चौथी, वाद झाल्यास रशियन भाषेतील प्रत प्रमाण मानली जाईल. जी भाषा तुला वाचता येते पण कायद्याच्या बारकाव्यांसह कळत नाही, त्या भाषेतील कागदावर सही करू नये. अल्माटीतील एखाद्या वकिलाकडून तो शब्दन्‌शब्द समजावून घे. त्यासाठी जी फी पडेल ती या सगळ्या व्यवहारातील सर्वांत योग्य खर्च ठरेल.

दहा दिवसांच्या मुदतीचे दडपण घेऊ नकोस. ज्यांना तुझ्या गळ्यात खरोखर तीन वर्षांचे काम दिसते, ते तीन आठवडे थांबतात. जे थांबत नाहीत, त्यांना तुझ्या सध्याच्या प्रसिद्धीचे दोन-तीन महिने हवे असतात. कंपनीला नम्रपणे लिही की एकत्र काम करण्याची तुझी इच्छा आहे, परंतु सुरुवात एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणापासून आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतील मोजक्या कार्यक्रमांपासून व्हावी, प्रत्येक कार्यक्रमाचे मानधन स्वतंत्र ठरावे आणि इतरत्र गाण्याची मुभा असावी. त्याआधी एक गोष्ट मात्र तपासलीच पाहिजे. विद्यार्थी व्हिसावर मानधन घेऊन गाण्याची परवानगी आहे का, हे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या विभागाला लेखी विचार आणि उत्तरही लेखीच घे. कंपनीच्या माणसाने ‘काही होत नाही’ म्हटले तरी व्हिसा तुझ्या नावावर आहे, त्यांच्या नव्हे.

शिक्षणाच्या बाबतीत तुझी समजूत अशी दिसते की एकदा थांबले की सारे संपले, आणि तुझ्या वडिलांनाही तसेच वाटत असावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीचे 2021 चे नियम नीट वाच. त्यांनुसार किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर 12 महिन्यांची आंतरवासिता एकाच परदेशी संस्थेत पूर्ण करावी लागते आणि हे सर्व प्रवेशाच्या तारखेपासून दहा वर्षांच्या आत व्हावे लागते. याचा हिशेब साडेपाच वर्षांचा होतो. म्हणजे तुझ्याजवळ काही वर्षांची सवड आहे. पण ही सवड विद्यापीठाने रीतसर शैक्षणिक रजा मंजूर केली तरच उपयोगाची आहे. नाव काढून घेतले आणि पुढे दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेतला, तर भारतातील नोंदणीच धोक्यात येईल. कंपनीच्या कागदात ‘शिक्षण थांबवणे’ असे मोघम लिहिले आहे, त्यामागे हा एवढा मोठा खड्डा आहे.

रजा मिळते म्हणून लगेच घ्यावी, असेही मी म्हणणार नाही. परत आल्यावर भारतातली पात्रता परीक्षा आहे, तीत बसणारे बहुसंख्य विद्यार्थी नापास होतात हे तुला ठाऊकच आहे, आणि तिसऱ्या वर्षाला पडलेला खंड तेथे जाणवतो. म्हणून हे शैक्षणिक वर्ष पुरे कर. उन्हाळ्यात गाऊन पाहा. दोन तास गाताना तुला आनंद होतो की नुसता थकवा येतो, पुढच्या वेळी काय गावे याचा विचार आपोआप सुरू होतो की नाही, हे त्या दोन-तीन महिन्यांत तुझे तुलाच कळेल. तेव्हाही मन गाण्याकडेच ओढत असेल, तर एका वर्षाची रजा माग. तशी वेळ आली तर तुझ्या बाजूने तुझ्या वडिलांना पत्र लिहायला मी तयार आहे.

आणि आता सर. फोनवर ते दोनच वाक्ये बोलले, असे तू लिहितेस, आणि त्यांना दूरचित्रवाणीवरची स्पर्धा रुचली नसावी असा अर्थ तू काढला आहेस. मला वेगळी शंका येते. अभंगाचे शब्द संतांचे आहेत, त्यांवर आज कोणाचा हक्क नाही. पण चाल सरांची आहे. ती लाखो लोकांपर्यंत पोहोचली तेव्हा पडद्यावर त्यांचे नाव आले होते का? तुझ्या पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून आले नसावे असे मी धरते. ज्या माणसाने वर्षानुवर्षे आपल्या घरातील सतरंजीवर बसून ती चाल तुझ्या गळ्यावर चढवली, त्याने ती निनावी वाजताना ऐकली. हे दुःख साधे नाही. त्याला कायद्याची बाजूही आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. तुझ्या करारात तर ‘कलाकाराने सादर केलेल्या सर्व रचना’ कंपनीकडे जातील असे कलम आहे. त्यावर तू सही केलीस तर जे तुझे नाही ते तू देऊन बसशील. कझाक लोकगीत पिढ्यान्‌पिढ्या सर्वांचे आहे. ही चाल एका हयात माणसाची आहे.

तेव्हा सरांना आधी फोन कर आणि कराराचा विषय न काढता चालीचा विषय काढ. नाव राहून गेले याबद्दल क्षमा माग, वाहिनीला पत्र लिहून यूट्यूबवरील चित्रफितीखाली त्यांचे नाव घालून घे, आणि ध्वनिमुद्रण करायचे झाल्यास त्यांची लेखी संमती आणि त्यांचा वाटा आधी ठरव. मग त्यांना विचार की आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर शिकवाल का. विशारदचा अभ्यास पुन्हा सुरू कर. दोन तासांच्या कार्यक्रमासाठी जो साठा लागतो, तो तुझ्यासाठी दुसरे कोणी इतक्या आपुलकीने तयार करणार नाही. त्यांच्या जोडीला अल्माटीत एखाद्या जाणकाराकडून दोंब्रा आणि तिथली आणखी लोकगीते शीक. तुझ्या कझाक मैत्रिणीलाच विचार, तिच्या ओळखीचे कोणी निघेल. तेथील श्रोत्यांनी तुला जे प्रेम दिले त्याला एका पाठ केलेल्या गाण्याने पुरे पडता येणार नाही, आणि तुला ते पुरे पाडावेसे वाटते हे तुझ्या पत्रातून दिसतेच आहे.

राहिले वडील आणि कर्ज. त्यांच्याशी बोलताना प्रसिद्धीचे बोलू नकोस, कारण जप्तीची नोटीस कशी दिसते हे शिक्षकाच्या पगारात घर चालवणाऱ्या माणसाला ठाऊक असते. त्यांना कागद दाखव. करार नाकारल्याचे पत्र, विद्यापीठाचे व्हिसाविषयीचे उत्तर आणि आयोगाच्या नियमाची प्रत त्यांच्यासमोर ठेव. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. पुढे कधी रजा घ्यायची ठरली तर अभ्यासक्रमाची तारीख लांबेल आणि तेवढे व्याजही वाढेल. हे बँकेला रजेच्या आधी, विद्यापीठाचे पत्र जोडून कळवावे लागेल आणि मुदतवाढ लेखी घ्यावी लागेल. उन्हाळ्यातील कार्यक्रमांचे मानधन मिळालेच, तर त्यातून पहिली रक्कम त्या व्याजापोटी भर आणि पावती वडिलांना पाठव. तुझ्या आईशीही मग बोलणे सोपे जाईल.

कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा इंग्रजीत करून मला पाठवलास तर मुदतीच्या आत वाचून परत करीन. सरांना फोन मात्र आजच कर.